काळ्या स्क्रीनचे तीन दिवस

सोमवारी सकाळी साडेदहाला पाठारे साहेबांनी वैशालीला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्यांच्या समोरच्या खुर्चीत मैत्री तांबे बसलेली होती.

"ओळख करून द्यायला नको," साहेब हसत म्हणाले. "तुमचीच शिष्या. आता स्वतःचं काम करते. आपलं ते घरून लॉगिन करायचं प्रकरण आहे ना, ते हीच लावून देणार आहे. आठवड्याचं काम आहे म्हणते."

मैत्री पटकन उठली आणि तिने दोन्ही हातांनी वैशालीचा हात धरला. "कशा आहात मॅडम? बारीक झालात."

"बरी आहे," वैशाली म्हणाली. हसलीसुद्धा. पण त्या एका क्षणात तिच्या मनात जे काही पेटलं, ते पुढचे पाच दिवस विझलं नाही.

रबाळ्याच्या एमआयडीसीत 'चित्ररंग इंक्स' नावाचा छपाईच्या शाईचा कारखाना आहे. बिस्किटांचे पुडे, तेलाच्या पिशव्या, मसाल्यांची पाकिटं यांच्यावरचे रंग तिथे बनतात. वैशाली परुळेकर तिथे चौदा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. प्रिंटर अडला की वैशाली, नेट गेलं की वैशाली. पण तिचा खरा जीव होता सर्व्हररूममधल्या लिनक्सच्या सर्व्हरवर. अकरा वर्षांपूर्वी तिने तो कुणालाही न विचारता, फोरमवर वाचून वाचून स्वतः उभा केला होता. कारखान्याने आजवर बनवलेल्या नऊ हजार शेड्सचे फॉर्म्युले त्यात होते. लॅबमधलं मशीन शाईच्या पट्टीवर प्रकाश टाकून रंग मोजायचं, त्याचे आकडे सर्व्हरवर जायचे आणि तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये बसून वैदेही नाईक ठरवायची की पिवळा किती वाढवायचा, काळा किती कमी करायचा. रंग डोळ्यांनी नाही, आकड्यांनी बघायचा, असं वैदेही म्हणायची. आणि ते तिच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं.

आता वैदेहीला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोपून राहायचं, प्रवास अजिबात नाही. ती राहायची करंजाड्याला, म्हणजे रबाळ्याहून पार दुसऱ्या टोकाला. तिने साहेबांना सांगितलं, घरी लॅपटॉपवर सर्व्हरची स्क्रीन दिसली तर मी पलंगावरून काम करते, मला घरी बसून वेड लागेल. साहेबांनाही ते हवंच होतं, कारण एका बिस्किट कंपनीचा नवा केशरी रंग शुक्रवारपर्यंत मंजुरीला जायचा होता.

हे सगळं वैशालीला माहीत होतं. तिला फक्त एवढंच माहीत नव्हतं, की त्यासाठी बाहेरून माणूस बोलावतील. आणि तो माणूस मैत्री असेल.

कारण दोन वर्षांपूर्वी वैशालीनेच साहेबांना चार पानी प्रस्ताव दिला होता. विषय हाच. सर्व्हरची स्क्रीन घरून, सुरक्षितपणे. महिनाभर खपून, सगळं स्वतः करून बघून लिहिलेला. साहेबांनी कागद घेतले, "बघू या," म्हणाले आणि खणात टाकले. तिने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "परुळेकर मॅडम, तुमचं आहे ते छान चाललंय. कशाला नसतं टेन्शन?"

आणि ही मैत्री! पाच वर्षांपूर्वी घणसोलीहून डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून आली, तेव्हा कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत टाइप केलेली कमांड एंटर दाबायच्या आधी दहादा वाचायची. वैशालीने तिला शेजारी बसवून एकेक गोष्ट शिकवली. तिच्या आईने, चांगुणाबाईंनी, पहिल्या पगाराचे पेढे आणले होते ते आधी वैशालीच्या टेबलावर ठेवले होते. तीन वर्षांत पोरगी ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत गेली आणि आता गेलं वर्षभर स्वतंत्र काम करत होती. गुरूची विद्या गुरूलाच, म्हणतात ते खोटं नाही.

केबिनमध्ये साहेब मैत्रीला विचारत होते, "बरं, मग हे कसं करायचं? सेफ राहील ना?" आणि मैत्री सांगत होती. वैशाली ऐकत होती. मैत्रीची नवी बॅग, तिचा लॅपटॉप, तिचा आत्मविश्वास हे सगळं तिला पचलं असतं. टोचला तो साहेबांचा प्रश्न. चौदा वर्षांत साहेबांनी तिला 'झालं का?' असं हजार वेळा विचारलं होतं. 'कसं करायचं?' असं एकदाही नाही.

मैत्रीने काम सुरू केलं ते सफाईने. सोमवारी दुपारी तिने वैशालीला हळूच सर्व्हररूममध्ये बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट केलं. एका यादीत ओळींमागून ओळी सरकत होत्या. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून दर मिनिटाला कुणीतरी सर्व्हरचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं.

"राउटरवर एक पोर्ट बाहेरच्यांना उघडा राहिलाय मॅडम. लॉकडाऊनमधला असणार, ना? तेव्हा सगळीकडे असंच करून ठेवलं होतं लोकांनी."

वैशालीची कानशिलं तापली. तो पोर्ट, म्हणजे सर्व्हरकडे यायचा रस्ता, तिनेच उघडला होता. खांदेश्वरच्या घरात बसून कारखाना चालू ठेवायचा होता तेव्हा. नंतर बंद करायचा राहून गेला.

"मी बंद केलाय," मैत्री म्हणाली. "रिपोर्टमध्ये नाही लिहिणार. साहेबांना उगाच टेन्शन."

"थँक्स," वैशाली म्हणाली.

मैत्रीने साहेबांकडे चुगली केली असती तर वैशालीला तिचा सरळ राग तरी धरता आला असता. झाकून घेतलं म्हणून तिचा जास्तच जळफळाट झाला. आपण जिला सांभाळून घ्यायचो, ती आता आपल्याला सांभाळून घेतेय. हे काय उलटंच?

मंगळवारी मैत्रीने बाहेरून आत यायला एकच वाट ठेवली. त्या वाटेवर पासवर्ड चालणारच नाही. ज्या लॅपटॉपवर तिने बनवून दिलेली की-फाइल आहे, त्यालाच आत घेतलं जाईल. आणि सर्व्हरची स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम तिने असा बसवला, की तो बाहेरच्या जगाला दिसणारच नाही, त्या एका वाटेने आत आलेल्यालाच दिसेल. वैशाली मागे उभी राहून बघत होती. तिच्या प्रस्तावात अगदी हेच होतं. पान दोन, परिच्छेद तीन. ते मैत्रीने कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. योग्य पद्धत हीच होती म्हणून तिने ती केली होती. चोरीचा आळ घ्यायलाही जागा नाही!

बुधवारी सकाळी मैत्रीने मोबाइलच्या नेटवरून चाचणी घेतली. तिने स्वतःसाठी बनवलेल्या नव्या नावाने लॉगिन केलं आणि सर्व्हरचा डेस्कटॉप तिच्या लॅपटॉपवर लख्ख उघडला. साहेब, स्टोअरवाले, पॅकिंगमधल्या दोन बायका, सगळे जमले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "वा! दोन दिवसांत! आमच्याकडे हा विषय दोन वर्षं पडून होता."

वैशालीने खाली बघितलं. कुठे पडून होता ते साहेबांना आठवतही नव्हतं.

"आता लॅबच्या नावाने लॉगिन करते," मैत्री म्हणाली. शेडचं सॉफ्टवेअर 'लॅब' नावाच्या खात्यातच चालायचं, वैदेहीला तेच लागणार होतं. मैत्रीने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली. मधोमध एक पांढरा बाण, बाकी काही नाही. तिने बंद करून पुन्हा केलं. पुन्हा काळी.

"होतं असं," साहेब म्हणाले, पण टाळ्या वाजवणारे पांगले.

वैशालीला ती काळी स्क्रीन ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी, प्रस्तावासाठी करून बघताना, ती अशाच काळ्या स्क्रीनसमोर चार दिवस बसली होती. पाचव्या दिवशी तिला कारण सापडलं होतं. 'लॅब' आधीच सर्व्हरच्या स्वतःच्या मॉनिटरवर लॉगिन झालेलं असायचं, आणि तेच नाव दुसऱ्या वाटेने पुन्हा आत आलं की दोन्हींचा गोंधळ होऊन बाहेरच्याला काळं दिसायचं. लाइट गेली-आली की मशीनचे आकडे गोळा होणं थांबायचं, म्हणून वैशालीनेच मैत्री गेल्यानंतर अशी सोय केली होती, की सर्व्हर सुरू झाला की 'लॅब' आपोआप लॉगिन व्हावं. मॉनिटर मात्र बंद ठेवलेला. त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर मैत्री वही घेऊन तिच्या टेबलाशी आली. वहीत शक्यतांची यादी होती, एकेकीवर काट मारत आणलेली.

"मॅडम, एक विचारू? सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवर कुणी लॉगिन करून ठेवलेलं नसतं ना?"

वैशालीने तिच्याकडे बघितलं. पोरीच्या कपाळावर घाम होता, केसांची एक बट सुटून गालावर आली होती. पाच वर्षांपूर्वी दिसायची अगदी तशीच दिसत होती. एक वाक्य पुरलं असतं.

"तो मॉनिटर तर बंदच असतो," वैशाली म्हणाली. "कित्येक महिन्यांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही त्याला."

एकूण एक शब्द खरा होता.

"ओके. मग ते नाही," म्हणून मैत्रीने त्या ओळीवर काट मारली.

त्या संध्याकाळी वैशाली खांदेश्वरला घरी पोचली ती गुणगुणत. नवऱ्याने, प्रसादने, कणीक मळून ठेवली होती. स्वयंपाक करता करता ती म्हणाली, "ती मैत्री आलीय ना, अडकलीय. नुसती काळी स्क्रीन येतेय."

"मगे तू सांग की तिका," प्रसाद म्हणाला. तो वेंगुर्ल्याचा, घरात त्याची बोली सुटायची नाही. "तुका येता ना?"

"साहेबांनी मला विचारलंय का? तिला आणलंय ना, तिने करावं."

प्रसाद तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला, मग पोळपाट पुढे ओढत म्हणाला, "तुजा तुका ठाव."

गुरुवारी मैत्री सकाळी आठलाच आली. तिने डेस्कटॉपचा प्रोग्रॅम काढून दुसरा, हलका बसवला. सेटिंग्ज बदलल्या, परत फिरवल्या. सर्व्हर बंद करून चालू केला. तो चालू झाला आणि 'लॅब' मुकाट्याने पुन्हा लॉगिन झालं. स्क्रीन काळीच. दुपारी साहेबांचा आवाज केबिनबाहेर ऐकू आला. "मैत्री, तुम्ही आठवडा म्हणालात, ते ठीक. पण उद्या मला केशरी पाठवायचाय."

वैशालीने की-बोर्डवरचे हात थांबवून ऐकलं. खोटं कशाला बोला, तिला गोड लागलं ते. दोन वर्षांत इतकं गोड काही तिच्या कानांवर पडलं नव्हतं. साहेब बाहेर आले आणि तिच्या टेबलापाशी थांबले. "परुळेकर मॅडम, तुम्ही जरा बघता का काय होतंय ते?"

हाच तो क्षण होता, ज्याची ती वाट बघत होती. पण तो आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आता उत्तर दिलं तर 'कालच का नाही बोललात?' हा प्रश्न येणार. कालचं अर्धं उत्तर आता आडवं आलं.

"बघते," ती म्हणाली. "वेळ लागेल."

साहेबांनी उसासा टाकून तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "वैदेही, उद्याचा एकच दिवस. गाडी पाठवतो दारात. दोन तास बसा, तेवढा शेड मारून द्या, परत सोडतो. जमेल?"

पलीकडे वैदेही काय म्हणाली ते कळलं नाही. पण साहेब "थँक यू, थँक यू," म्हणाले, त्यावरून कळलं.

वैशाली खुर्चीतून अर्धी उठली. मैत्री काचेपलीकडे डोकं धरून बसली होती. साहेब लॅबकडे निघाले होते. 'गाडीने येणार, दोन तासांत जाणार, काय होतंय,' वैशालीने स्वतःला सांगितलं. 'सकाळी लवकर येऊन गुपचूप ते आपोआप लॉगिन काढून टाकते, म्हणजे आपलं आपण चालू होईल आणि ती यायच्या आधी साहेब तिला नको म्हणतील.' ती परत बसली.

शुक्रवारी सकाळी ती आठला पोचली. मैत्री तिच्याआधी सर्व्हररूममध्ये होती आणि तिथून हलेचना. साडेदहाला वैदेही गाडीतून उतरली. एका हाताने पोट सावरत, दुसऱ्या हाताने जिन्याचा कठडा धरत. लॅब पहिल्या मजल्यावर होती, लिफ्ट फक्त मालाची. वैशालीने तिला खुर्ची दिली, पाठीला उशी दिली, पाणी दिलं. वैदेही आकडे बघायला लागली आणि सगळं विसरली. तिने पिवळा एका थेंबाने कमी केला, लाल दोन थेंबांनी वाढवला, कागदावर शाईची नवी पट्टी ओढायला लावली, पुन्हा मोजायला लावली. दोन तासांचे तीन झाले. केशरी जुळला.

उठताना तिने टेबल घट्ट धरलं. "मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "दुखतंय. थांबत नाहीये."

खाली गेटवर वॉचमन शिवराम होता, रबाळे गावातलाच. वैशालीने हाक मारली तसा तो वर आला आणि त्याने एका नजरेत ओळखलं. "बाईला बरं नाय हाय. गारी आनतो, तुमी तिला चालवू नका, खुर्चीनंच उतरवू." त्याने आणि लोडिंगच्या दोघांनी वैदेहीला खुर्चीसकट खाली आणलं. पनवेलच्या ज्या हॉस्पिटलमध्ये तिचं नाव नोंदवलं होतं, तिकडे गाडी निघाली. वैदेही मागच्या सीटवर आडवी, तिचं डोकं वैशालीच्या मांडीवर. ठाणे-बेलापूर रोडवरच्या प्रत्येक खड्ड्याला ती वैशालीचं मनगट आवळत होती.

नेरूळच्या पुढे वैदेहीने डोळे उघडले. "मॅडम, ते घरून लॉगिनचं... मैत्रीला नाही जमलं तर तुम्हीच का नाही केलंत? तुम्हाला तर सगळं येतं."

 वैशालीने वैदेहीच्या कपाळावरून हात फिरवला आणि तो हात आपला आहे याची तिला लाज वाटली.

हॉस्पिटलमध्ये वैदेहीला आत नेलं. वैदेहीचा नवरा ऋषी तळोज्याहून कामावरून तसाच धावत आला. पायांत सेफ्टी शूज, गळ्यात आयडी कार्ड. तो वैशालीला म्हणाला, "बरं झालं मॅडम, तुम्ही होतात." तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कळा थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं, ते लागू पडत होतं, बाळाचे ठोके ठीक होते. दोन दिवस इथेच, आणि नंतर पलंगावरून खाली पाय नाही. "हिला कामावर बोलावलं कुणी?" त्यांनी विचारलं. ऋषीने मान खाली घातली. वैशालीनेही.

ती उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि तिने मैत्रीला फोन लावला.

"कशीये ती?" मैत्रीने पहिल्या रिंगला उचलला.

"ठीक आहे. मैत्री, सर्व्हरचा मॉनिटर चालू कर."

"काय?"

"चालू कर. मागे डावीकडे बटण आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  मग मैत्री म्हणाली, "लॅब लॉगिन आहे इथे."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"बुधवारी मी विचारलं तेव्हा?"

"दोन वर्षांपासून माहीत होतं."

 वैशालीला वाटलं, आता मैत्री फोन ठेवेल. मैत्रीने ठेवला नाही. ती म्हणाली, "तीन अक्षरांची कमांड होती मॅडम. कोण लॉगिन आहे ते बघायची. मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं ना, तर त्याचं ऐकूनही ती मारून बघितली असती. तुम्ही म्हणालात म्हणून नाही बघितली."

वैशालीला रडू आलं, पण रडायचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं. तिने आवाज सारखा केला. "लिहून घे. आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम लॉगिनवर अवलंबून ठेवू नको, सर्व्हिस म्हणून मागे चालव, म्हणजे सर्व्हर सुरू झाला की तो आपला आपण सुरू होईल. मग ते आपोआप लॉगिन काढून टाक. लॅबला बाहेर काढ. आणि नंतर मोबाइलच्या नेटवरून बघ."

मैत्रीने लिहून घेतलं. मध्ये फक्त दोन प्रश्न विचारले, कामाचे. वीस मिनिटांनी तिचा मेसेज आला. चालू झालं, एवढाच.

शनिवारी वैशाली साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मैत्रीने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. केशरी वेळेत गेला होता, साहेब खुशीत होते. वैशालीने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. लॉकडाऊनमधला पोर्ट, बुधवारचा प्रश्न, तिने दिलेलं उत्तर, गुरुवारचं गप्प बसणं. प्रस्तावाचं मात्र काढलं नाही. काढलं असतं तर ती सबब झाली असती.

साहेब पेन फिरवत राहिले. "का केलंत असं?" त्यांनी शेवटी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हेवा वाटला," वैशाली म्हणाली. हा शब्द तिने मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. तोंडातून बाहेर पडल्यावर तो फार लहान वाटला, त्याने जे केलं त्या मानाने.

"त्या पोरीचा?" साहेब म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले. "मी गाडी पाठवली. मी तरी कुठे विचार केला!" मग जरा कडक होत म्हणाले, "यापुढे सर्व्हरचं मुख्य लॉगिन मैत्रीकडे राहील. वर्षाचं काम तिला देतोय. तुम्ही तिला विचारून करायचं. चालेल?"

चालेल का, हा प्रश्न नव्हताच. वैशाली "हो," म्हणाली. अकरा वर्षं जो पासवर्ड फक्त तिच्या डोक्यात होता, तो तिने कागदावर लिहून दिला. मैत्री तो लगेच बदलणार होती, तरी तिने प्रत्येक अक्षर नीट, सुवाच्य काढलं.

वैदेहीला सोमवारी घरी सोडलं. बुधवारी वैशाली करंजाड्याला गेली, सोबत नारळाच्या वड्या. ऋषी कामावर होता. वैदेही पलंगावर उशांना टेकून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, आणि त्यात रबाळ्याच्या सर्व्हरची स्क्रीन जशीच्या तशी. तिने हौसेने दाखवलं. "बघा ना मॅडम, अजिबात अडकत नाही. काल दोन हिरवे लावले."

वैशालीने लॅपटॉप बाजूला ठेवायला सांगितला आणि बोलून टाकलं. वैदेही ऐकत गेली. तिचा हात आपोआप पोटावर गेला. हे बघणं वैशालीला सगळ्यात अवघड गेलं.

"म्हणजे मला यायची गरजच नव्हती," वैदेही म्हणाली.

"नव्हती."

बाहेर बांधकामाच्या साइटवर मिक्सर फिरत होता. वैदेही बराच वेळ चादरीची घडी करत, मोडत राहिली. "ऋषीला सांगू नका," ती शेवटी म्हणाली. "तो भांडायला येईल आणि मला काम सोडायला लावेल. मला सोडायचं नाहीये." मग, वैशालीकडे न बघता, "वड्या तिथे ठेवा. आज मला बोलायचं नाहीये मॅडम. नंतर कधी या."

वैशाली वड्या ठेवून निघाली. अडीच महिन्यांनी वैदेहीला मुलगी झाली, अडीच किलोची, ठणठणीत. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला. वैशालीने शंभरदा बघितला. वेगळा मेसेज करायचं धाडस झालं नाही. दोन दिवसांनी वैदेहीनेच केला, 'बारशाला या.' ती गेली. मैत्रीही आली होती. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहिल्या. मैत्री तिच्याशी नीट बोलली, ताटातला पेढा अर्धा करून दिला. पण पूर्वी बोलताना ती वैशालीच्या दंडाला हात लावायची, तो लावला नाही.

हेवा गेला असं म्हणता येणार नाही. मैत्रीचं नाव साहेबांच्या तोंडून आलं की अजूनही वैशालीच्या मनात काहीतरी वळवळतं. फरक इतकाच, की आता तिला ते ओळखता येतं, आणि ते वळवळायला लागलं की ती आधी बोलते, मग काय वाटायचं ते वाटून घेते.

परवा मंगळवारी मैत्रीचा फोन आला. लॅबच्या मशीनची जुनी केबल बदलली तर आकडे कुठल्या पोर्टवर येतील, हे तिला विचारायचं होतं. वैशालीने सांगितलं, मग थांबून आणखी सांगितलं, की पूर्वी एकदा अशीच केबल बदलली तेव्हा काय घोळ झाला होता आणि तो कुठे बघायचा. काही लपवलं नाही, काही अर्धं ठेवलं नाही.

"ओके मॅडम," मैत्री म्हणाली. "एक मिनिट हं."

आणि पलीकडून की-बोर्डचा आवाज यायला लागला. मैत्री तपासून बघत होती.

वैशालीने फोन कानाशी धरून ठेवला. "बघ," ती म्हणाली. "सावकाश बघ. मी थांबते."